पुस्तकात नसलेलं प्रकरण

सोमवार, ३ मार्च

दादा,

'प्रिय' लिहिलेलं नाही. सवय राहिली नाही, आणि सुरुवातीलाच खोटं कशाला लिहा. तुझा मेलचा पत्ता पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मिळाला. 'वाचकांनी आपले अभिप्राय जरूर कळवावेत' असं तिथे छापलंय. मी वाचक आहे, म्हणून कळवतो.

'परतीचं इंधन' पोचलं. पाकिटावर फक्त बाबांचं नाव होतं. बरोबरच आहे, अर्पणही त्यांनाच आहे. सही करून मी घेतलं, कात्रीने मी उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांना आता समोरचं, मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, पानांचा वास घेतला आणि मला म्हणाले, "चांगलं जाडजूड आहे रे!" जसं काही मी आजवर त्यांना किडकिडीत पुस्तकं आणून देत होतो.

मग असं ठरलं की मी ऑफिसातून आलो की रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचं. फोनमधली बाई वाचून दाखवते, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "ती बाई पूर्णविरामाला थांबत नाही. आणि घरात माणूस असताना यंत्र कशाला?" उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमधली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस हे बोलतो.

आता अभिप्राय. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढून मी पोट भरतो, हे तू विसरला नसशील. ऑफिसात एकाच मजल्यावर होतो आपण. तू लिहायचास, मी चुका काढायचो, आणि तू म्हणायचास की ही चूक नाही, हे मुद्दाम असं केलंय. तेव्हा पुस्तकातही बरंच काही तू मुद्दाम केलेलं असेल, असं धरून चालतो.

तुझ्या यानात इतकी माणसं आहेत आणि प्रत्येकाला आपण काय करायचंय ते माहीत आहे. असं ठिकाण मी पाहिलेलं नाही. एवढी माणसं जिथे एकत्र काम करतात तिथे निम्मी मीटिंगमध्ये असतात आणि उरलेली त्या मीटिंगला का बोलावलं नाही म्हणून रुसलेली असतात. यानाचा कॉम्प्युटर पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. कोणी पासवर्ड विसरत नाही. विज्ञानकथेत माणसं ताऱ्यांपर्यंत जातात ते मी मान्य करतो, पण रजेचा अर्ज मंजूर न होता जातात हे पटत नाही.

यंत्रमानव बंड करतो तो भाग वाचून हसू आलं. ज्याने ऑफिसातला प्रिंटर वापरलाय त्याला यंत्रं एक दिवस माणसावर राज्य करतील अशी भीती वाटूच शकत नाही. आमच्या मजल्यावरचा प्रिंटर पोटात कागद असताना कागद संपला म्हणतो. तो काय बंड करणार.

तपासनीस हे पात्र जमलेलं नाही. हे मी अगदी तटस्थपणे सांगतोय. बाकी छपाई चांगली आहे.

एक वाचक


गुरुवार, १३ मार्च

दादा,

उत्तराची अपेक्षा नव्हतीच. रविवारी बाबांना फोन आला तेव्हा तू माझ्या पत्राचं काही बोललास का, हे मला माहीत नाही, कारण तुझा फोन आला की मी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला जातो. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू आला नाहीस, कारण पुस्तक संपत आलं होतं, आणि मी म्हणालो, "तू पुस्तक सांभाळ, बाप मी सांभाळतो." त्यानंतर आपण बोललेलो नाही. तेव्हापासून दर रविवारी आमच्या कुंड्या बुडतात. दोन झाडं कुजली.

तुझं पुस्तक ऑफिसातही पोचलंय. रोज सकाळी आमची एक उभ्याने मीटिंग असते. उभं राहून पाय दुखले की माणसं लवकर आटपतील अशी कल्पना होती. आता सगळ्यांना उभं राहायची सवय झालीय. तर त्या मीटिंगमध्ये आमच्या टीमच्या बाईंनी तुझं पुस्तक वर धरलं आणि म्हणाल्या, "हे लेखक आधी आपल्याकडेच होते, माहीत आहे ना?" जाताना तू ह्याच बाईंना सांगून गेला होतास की इथे माणसाचं हळूहळू फर्निचर होतं. आता ते फर्निचर तुझं कौतुक करतंय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तुझ्या बाबतीत तेही खोटं ठरलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही नाही का काही लिहीत?" मी म्हटलं, "लिहितो की. रोज चुकांचे रिपोर्ट लिहितो." तेही आता किती दिवस, कोण जाणे. नवीन प्रोग्राम आलाय, तो स्वतःच कोड लिहितो आणि स्वतःच चुका काढतो. मी मधे बसून 'पाहिलं' असं लिहितो.

खिडकीजवळच्या टेबलावर एक नवीन मुलगी आलीय, प्रोग्रामर. हुशार आहे, वाईट नाही. जेवताना तिने चौथं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. 'सतत सर्दी झालेला, पाण्याच्या बाटलीवर स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवलेला, नियमपुस्तक छातीशी धरून चालणारा तपासनीस.' वाचता वाचता तिची नजर माझ्या बाटलीवर गेली आणि ती थांबली. पण तोवर सगळ्यांच्या नजरा तिथे गेल्या होत्या. मग बाकीच्यांनी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. यान उडतं, आणि हा आपला फाइल हातात घेऊन फाटकापर्यंत धावतो आणि ओरडतो, "अहो, सही राहिली! सही राहिली!" टेबल नुसतं दणाणलं. मीही हसलो. काय करणार?

आता मजल्यावर कोणी घरी जायला निघालं की मागून कोणीतरी ओरडतं, "सही राहिली!" मला थेट कोणी काही म्हणत नाही. माणसं चांगली आहेत.

ती बाटली मी अजून वापरतो. लोक दुसऱ्यांच्या बाटल्या उचलतात म्हणून तिच्यावर नाव आहे, दादा. तुझी बाटली किती वेळा गेली होती आठव.

बाबांचं वाचन चालू आहे. कालच चौथं प्रकरण झालं. वाचताना मी काही किरकोळ दुरुस्त्या केल्या. कळवायचं म्हणून कळवतो.


मंगळवार, २५ मार्च

दादा,

तू उत्तर देत नाहीस ते एका परीने बरंच आहे. उत्तर येत असतं तर पुढचं लिहायला जमलं नसतं.

'किरकोळ दुरुस्त्या' असं मी मागे लिहिलं. ते तितकंसं खरं नाही. आधी मी फक्त सर्दी गाळली. तपासनीस आला, शिंकला नाही, गोष्टीचं काही बिघडलं नाही. मग बाटली गाळली. मग ते फाटक आलं. आता मी ते वाक्य वाचणार आणि बाबा हसणार, हे मला दिसत होतं. ऑफिसात आधीच त्याच वाक्याला हसून झालं होतं. माझ्याने वाचवेना. थांबलो.

बाबा म्हणाले, "मग?"

मी म्हटलं, "तपासनीस ओरडला नाही. तो परत आपल्या टेबलाशी गेला आणि त्याने तपासणीचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. मग मला थांबता येईना.

तर त्याचं असं होतं. कागद वाचता वाचता त्याला कळतं की परतीच्या टाकीच्या झाकणात एक रबरी चकती चुकीची बसलीय. जाताना काही होणार नाही, परत येताना मात्र इंधन गळेल. यान तोवर संदेशाच्या टप्प्याबाहेर गेलेलं असतं. तर हा रोज सकाळी रेडिओपाशी बसतो आणि तोच संदेश पुन्हा पाठवतो. चकती कशी बदलायची, कोणतं झाकण आधी उघडायचं, कुठे हात भाजेल. कधीतरी ते टप्प्यात येतील आणि ऐकतील म्हणून. पुढे ते अंतराळ केंद्रच बंद पडतं, बाकीचे दुसरीकडे नोकऱ्या धरतात, हा डबा घेऊन येतच राहतो. संध्याकाळी घरी जाऊन कप्तानाच्या म्हाताऱ्या वडिलांना जेवायला वाढतो. हो, मी त्याला कप्तानाचा धाकटा भाऊ केला. तू तेवढं लिहायचं टाळलं होतंस.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट मी तुला सांगायला नको. एका जागी दुरुस्ती केली की तीन जागी नवीन फुटतं. सहाव्या प्रकरणात तुझा कप्तान ती गळती एकट्याच्या हिकमतीवर थांबवतो. पण त्याला जर संदेश मिळाला असेल तर हिकमत कशाला? म्हणून कप्तानाची हुशारी थोडी कमी करावी लागली. आमच्याकडे तो आता कानाला यंत्र लावून खरखरीतून भावाचा आवाज ऐकतो आणि सांगितलं तसं करतो. बराच नम्र झालाय.

सातव्यात मग तो भाषण करतो ते बसेना. आठव्यात सगळे त्याला खांद्यावर घेतात तेही गेलं. आता जेवणाच्या सुट्टीत मी संध्याकाळचा भाग लिहून काढतो. टीमच्या बाई परवा मागून येऊन म्हणाल्या, "एवढं मन लावून काय चाललंय?" म्हटलं, "जुन्या चुका."

बायकोने मला पकडलं. आम्ही बसतो तिथेच पलीकडे ती कपड्यांच्या घड्या घालत असते. बाबा आत गेल्यावर म्हणाली, "इतका वेळ वाचतोयस, पान एकदाही उलटलं नाहीस." दुसऱ्या दिवसापासून मी मधूनमधून पान उलटतो. बाबांचे कान शाबूत आहेत.

तिने मूळ प्रकरण वाचलं. मग म्हणाली, "तुझं जास्त चांगलं आहे. मग तुझं म्हणून सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुम्हाला दिसत नाही म्हणून फसवतोय, असं सांगू?"

"दादांचा हेवा वाटतो तुला."

"छे. मला कशाला वाटेल?"

"तो शर्ट सोड," ती म्हणाली, "आत्ताच घडी घातलीय."

तर हो. मला तुझा हेवा वाटतो. झालं, लिहिलं. पुस्तक छापून आलं त्याचा वाटतो, पण ते सोसेन मी. रविवारी फोन वाजला की बाबांचा आवाज बदलतो, ते मला सोसत नाही. रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, तेव्हा ते म्हणतात, "हळू." आणि तू लांबून दोन वाक्यं बोललास की म्हणतात, "वा!" दुरून डोंगर साजरे असतात हे मला कळतं. पण मग मी काय आहे? पायाखालची फरशी. ती साजरी आहे का हे कोण बघतं?


सोमवार, ७ एप्रिल

दादा,

मोठी पंचाईत झालीय. हे पत्र तरी वाच.

पुस्तक परवा संपलं. म्हणजे आमचं संपलं. यान परत येतं, कप्तान उतरतो, आणि दोघं भाऊ काहीच न बोलता एका बाकावर बसून डबा खातात. बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मला तो तपासनीस सगळ्यात आवडला."

माझ्या छातीत काय झालं ते लिहीत नाही.

ते म्हणाले, "सगळं त्याने सांगितलं होतं, पण 'मी सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणाला नाही. एवढं मोठं मन लिहायला लिहिणाऱ्याचंही मन मोठं लागतं." मी म्हटलं, "हो, लागत असेल." आणि पुढे काय म्हणाले ऐक. "कळलं ना तुला हा कोण ते? अरे, तूच आहेस तो! थोरल्याने बरोब्बर पकडलंय तुला. तुम्ही दोघं बोलत नाही ते काय मला दिसत नाही? डोळे गेलेत, बाकी सगळं आहे. पण बघ, तो तिकडे बसून तुझ्याबद्दल हे लिहितोय. किती जीव आहे त्याचा तुझ्यावर!"

दादा, मला हसावं की डोकं आपटावं कळेना. तू मला सर्दीचा विदूषक केलंस, माझी लाज वाचवायला मी रोज खपून नवीन माणूस उभा केला, आणि मन मोठं कोणाचं ठरलं? तुझं! मी तुझ्या जागी माझं नाव मोठं करायला गेलो आणि मीच माझ्या हाताने तुझा पुतळा उभारला. जेवणाच्या सुट्टीत, उपाशी पोटी!

आणि ते इतके खुशीत आहेत. काल सकाळी स्वतः उठून दाढी केली. बायकोला म्हणाले, "आता पोरं बोलायला लागतील बघ." तुला फोन लावायला सांगितला, तुझा काही लागला नाही. येत्या रविवारी पुन्हा लावायचा आहे, आणि मी शेजारी बसायचं आहे, कुंड्या नाहीत, अशी आज्ञा आहे. ते तुझे आभार मानणार आहेत. भावाबद्दल असं लिहिलंस म्हणून.

तर तू 'हो' म्हण. एवढंच मागतोय. 'हो बाबा, लिहिलं खरं तसं.' बस्स. आयत्या बिळावर नागोबा होणार तू, मला माहीत आहे, आणि ते लिहिताना माझे दात शिवशिवतायत. पण तू जर 'कुठला रेडिओ, कसली चकती?' असं म्हणालास तर दोन गोष्टी होतील. त्यांच्या मुलाने त्यांना फसवलं हे कळेल. आणि दुसऱ्या मुलाने भावाबद्दल खरं काय लिहिलंय ते कळेल. पहिलं मी सोसेन. दुसरं त्यांना सोसणार नाही. ते 'सही राहिली'चं वाक्य कोणीही त्यांना वाचून दाखवायला नको.


गुरुवार, १० एप्रिल

दादा,

इतक्या पत्रांना तुझं पहिलं उत्तर आलं, आणि ते दोन शब्दांचं. 'प्रकरण पाठव.'

नाही पाठवणार.

कशाला हवंय तुला? दुसऱ्या आवृत्तीत घालायला? की चुका काढायला? माझ्याकडे तुझ्यासारखा प्रकाशक नाही, अर्पणपत्रिका नाही, शेवटच्या पानावर माझा फोटो नाही. माझं जे काही आहे ते ऑफिसच्या जुन्या रिपोर्टांच्या पाठीवर लिहिलेलं आहे, आणि त्याला एकच वाचक मिळाला, ज्याला ते तुझं वाटतं. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे.

'माफ कर' असं काही लिहिशील असं क्षणभर वाटलं होतं. सर्दीबद्दल. नाही लिहिलंस. हरकत नाही. तुला 'हो' म्हणायचंय, त्याला प्रकरण वाचायची गरज नाही. आमच्या ऑफिसात मोठे साहेब न वाचता रोज किती गोष्टींना 'हो' म्हणतात.

खिडकीजवळची ती मुलगी काल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सॉरी हां, त्या दिवशी मला वाटलं नव्हतं असं होईल." बघ, परक्या पोरीला जमलं.

रविवारी सकाळी. फोन लागेल असा ठेव.


रविवार, १३ एप्रिल

दादा,

तूही तिकडे होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो. मी बाबांच्या शेजारी होतो आणि तुला इथलं दिसत नव्हतं.

फोन स्पीकरवर होता. बाबा तुझं बरंवाईट विचारत होते तोवर मी ठीक होतो. मग ते म्हणाले, "तो तपासनीस रे," आणि तू म्हणालास, "कसा वाटला बाबा? तुमच्या तोंडून ऐकू दे." चलाख आहेस. मी प्रकरण पाठवलं नाही म्हणून तू ते त्यांच्याकडून काढून घेतलंस.

आणि त्यांनी सांगितलं! सगळं सांगितलं. टेबल, कागद, चकती, रोज सकाळचा संदेश. माझी वाक्यंच्या वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. 'कुठे हात भाजेल' हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात मागे घेतला. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. तिकडून तुझा आवाज नाही. इतका वेळ नाही की बाबा म्हणाले, "आहेस ना रे?"

तू म्हणालास, "आहे."

"मग? बारक्याच ना तो?"

मी तुला 'हो' म्हणायला सांगितलं होतं. तू म्हणालास, "हो बाबा. बारक्याच." इतक्या सहज म्हणालास! मीच मागितलं होतं, तरी मला वाटलं उठून फोन बंद करावा. थोडं तरी अडखळायचं होतंस.

बाबांनी विचारलं, "तुला सुचलं कसं हे?" हे आपल्या ठरल्यात नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं. तिनेही घडी हातात धरून ठेवली होती.

तेव्हा तू ते सांगितलंस. की शाळेत असताना आपण दोघं सायकलवरून जायचो, आणि रोज सकाळी तू उठायच्या आधी मी खाली जाऊन तुझ्या सायकलचे ब्रेक बघायचो. एकदा तुझ्या ब्रेकची तार तुटायला आली होती. तर मी माझ्या सायकलची तार काढून तुझ्या सायकलला लावली आणि कोणाला काही न सांगता कितीतरी दिवस चालत शाळेत गेलो. तुला ते पुढे सायकलच्या दुकानदाराकडून कळलं. "मी त्याला कधी म्हणालो नाही की मला कळलंय," तू म्हणालास. "आणि पुस्तकात लिहायची वेळ आली तेव्हा..." तिथे तू थांबलास. मग म्हणालास, "तेव्हा नीट लिहायला हवं होतं."

बाबांना ते शेवटचं वाक्य कळलं नाही. त्यांना वाटलं तू विनयाने बोलतोयस. मला कळलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी हात पुढे केला. तो आधी माझ्या कानाला लागला, मग खांद्यावर आला. ते म्हणाले, "एका घरात राहतो आपण. तुझ्या हातचे थेंब रोज घालून घेतो. आणि तू असा आहेस हे मला थोरल्याच्या पुस्तकातून कळावं? माझंच चुकलं रे." मग त्यांनी विचारलं, "तार काढलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? मी आणली असती दुसरी." मी काहीच बोललो नाही. त्यांनी तेही बरोबर धरलं. तपासनीस कुठे बोलतो!

मला जे हवं होतं ते मिळालं, दादा. ते माझ्याकडे वळून बसले होते. आणि तरी मला तुझा हेवा वाटतो, कारण ती सायकलची गोष्ट माझ्या सगळ्या प्रकरणांपेक्षा चांगली आहे. मला सुचली असती तर मीच घातली असती.

आता मुद्द्याचं. मला ती तार आठवत नाही. दुपारपासून आठवतोय. चालत शाळेत गेल्याचं आठवतं, दप्तराचा पट्टा खांद्याला काचायचा तेही आठवतं, पण का चालत जात होतो ते आठवत नाही. सायकल बिघडली असेल, किंवा मला शिक्षा असेल. तुला मी चांगला ओळखतो. तू बोलता बोलता असं काहीही रचू शकतोस, तीच तर तुझी विद्या आहे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी सगळी वर्षं गेली, पण फोनवरचा तुझा आवाज मी मनात पुन्हा पुन्हा ऐकला आणि मला सांगता आलं नाही की तू खरं बोलत होतास की बाबांसाठी, किंवा माझ्यासाठी, तिथल्या तिथे लिहीत होतास.

प्रकरण सोबत जोडलंय, कागदांचे फोटो काढून. सगळं आहे, बाकावरच्या डब्यापर्यंत. वाच.

आणि ती तार खरी असेल तर कळव. खोटी असेल तर काही कळवू नकोस.

बारक्या